न खणतां घेतलेला शोध



जुन्या गांवाच्या पांढरीचें टेकाड आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. घरें पडतात, त्यांच्याच मातीवर नवीं घरें उठतात, आणि शतकानुशतकें हा क्रम चालला म्हणजे वस्तीची टेकडी होते. तुर्कस्तानांतील हिसार्लिकची टेकडी अशीच आहे. प्राचीन ट्रॉय नगरीचे मुख्य नऊ थर विद्वानांनीं तींत मोजले असून, सर्वांत खालचा सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींचा आहे.

या टेकडीस १८७० सालीं हाइनरिख श्लीमान या जर्मन व्यापाऱ्यानें कुदळ लावली. होमरच्या काव्यांतील प्रायम राजाचें नगर तळाशींच असलें पाहिजे, या समजुतीनें त्यानें टेकडीच्या मध्यांतून प्रचंड चर खणविला. वाटेंत आलेल्या कित्येक भिंती पाडून टाकल्या. १८७३ सालीं सोनें सांपडलें, तेव्हां हेंच प्रायमचें धन, असें त्यानें जाहीर केलें. पुढें असें ठरलें कीं, तो थर ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळाहून सुमारें हजार वर्षें जुना होता. ज्या वरच्या थरांत तें नगर शोधावयाचें, त्यांतून श्लीमानची कुदळ केव्हांच आरपार गेली होती!

अर्थात् हा दोष एकट्या श्लीमानचा नव्हे. कितीहि जपून खणलें तरी थर एकदांच उलगडतो. मग न खणतां पाहतां येईल काय?

१९८८ पासून ट्यूबिंगेन विद्यापीठाचे मानफ्रेड कॉर्फमान यांनीं येथें पुन्हां काम आरंभिलें. किल्ल्याच्या दक्षिणेकडील जमिनीची पाहणी हेल्मुट बेकर व त्यांचे सहकारी यांनीं चुंबकमापक यंत्रानें केली. मातींत लोहाचे कण असतात. चूल, भट्टी किंवा आगींत भाजलेली भिंत थंड होतांना त्यांना जें चुंबकत्व येतें, तें टिकून राहतें. जुन्या खड्ड्यांत साचलेली वरची मातीहि शेजारच्या चुनखडकाहून अधिक चुंबकीय असते. यंत्र घेऊन समांतर रेषांनीं चालावयाचें, आंकडे टिपावयाचे आणि त्यांवरून नकाशा काढावयाचा. एक ढेकूळहि हलत नाहीं.

किल्ल्यापासून सुमारें ४०० मीटरांवर नकाशांत एक लांब रेषा उमटली. हा जळलेल्या विटांचा तटच, असें प्रथम वाटलें. १९९३ सालीं नेमक्या त्याच जागीं थोडेंसें खणून पाहिलें, तों खडकांत खोदलेला खंदक निघाला! किल्ल्याबाहेरहि मोठी वस्ती होती, असें अनुमान कॉर्फमान यांनीं त्यावरून काढलें. ती किती मोठी, यावर २००१ नंतर विद्वानांत कडाक्याचा वाद झाला.

म्हणजे यंत्रानें जागा दाखविली, पण तिचा अर्थ अखेर कुदळीलाच लावावा लागला. फरक इतकाच कीं, श्लीमाननें टेकडी चिरून जें शोधलें, तें येथें लहानशा चरानें साधलें. उरलेली माती जशीच्या तशी राहिली. पुढील पिढ्यांच्या हातीं आजच्याहून चांगलीं साधनें येतील. त्यांच्यासाठीं न उघडलेली भूमि राखून ठेवणें, हेंहि इतिहाससंशोधनच होय.