हिरवी नव्हे, तपकिरी : एका युद्धकालीन मोटारसायकलच्या मूळ रंगाचा शोध

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याची मोटारसायकल डोळ्यांसमोर आणा म्हटले, की बहुतेकांना गडद हिरवी गाडी दिसते. युद्धपटांनी ती तशीच दाखवली, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत हौशी मालक ती तशीच रंगवून आणतात, आणि दुकानांतल्या छोट्या प्रतिकृतीही बहुधा हिरव्याच असतात. परंतु १९४२ पासून १९४४ च्या वसंत ऋतूपर्यंत ब्रिटिश लष्करी वाहनांना नेमून दिलेला मूळ रंग हिरवा नव्हता, तपकिरी होता. अगदी मातकट, कोकोच्या भुकटीची आठवण करून देणारा. हा रंग कोठून आला, तो विस्मरणात का गेला आणि आज जुनी गाडी पूर्ववत करताना तो पुन्हा कसा शोधून काढतात, हे या धाग्यात पाहू.

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ : बीएसए एम२०. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागातील कारखान्यात तयार होणारी, ४९६ सीसीच्या एकाच सिलिंडरची, साइड-व्हॉल्व्ह इंजिनाची ही गाडी १९३७ साली बाजारात आली. ती ना वेगवान होती, ना देखणी. पण बांधणी साधी, दुरुस्ती सोपी आणि स्वभाव सोशिक. युद्धकाळात अशा सुमारे १ लाख २६ हजार गाड्या तयार झाल्या. मुख्यालयाचे कागद आघाडीवर पोहोचवणारे संदेशवाहक आणि लष्करी ताफ्यांना वाट दाखवणारे शिपाई त्यांवर स्वार होत. लष्करातील तिची नोकरी युद्धाबरोबर संपली नाही. १९६० च्या दशकापर्यंत ती टिकली. या दीर्घ नोकरीमुळेच तिच्या अंगावर रंगाचे एकावर एक थर चढले आणि आपल्या शोधाचे खरे साधन तयार झाले.

युद्धापूर्वीच्या शांततेच्या वर्षांत ब्रिटिश लष्करी वाहने चकचकीत कांस्य-हिरव्या रंगात असत. संचलनात शोभणारी ती झळाळी रणांगणावर घातक ठरते, कारण चकाकणारा पत्रा दुरूनही नजरेस पडतो. म्हणून १९३९ पासून ‘खाकी ग्रीन क्रमांक ३’ हा निस्तेज, किंचित तपकिरी झाक असलेला हिरवा रंग आला. १९४२ मध्ये त्याची जागा ‘एससीसी २’ या तपकिरी रंगाने घेतली. एससीसी म्हणजे स्टँडर्ड कॅमफ्लाज कलर, प्रमाणित छद्मावरणाचा रंग. एप्रिल १९४४ मध्ये ‘एससीसी १५’ हा ऑलिव्ह ड्रॅब लागू झाला आणि युद्धानंतर पुन्हा चकचकीत कांस्य-हिरवा परतला.

येथे ‘खाकी’ या शब्दाने फसू नये. फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ. १८४६ साली पेशावर भागात उभ्या राहिलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पथकाला हॅरी लम्सडेनने धुळीच्या रंगाचा गणवेश दिला आणि तेथून हा शब्द इंग्रजीत रुळला. आपल्या मनात खाकी म्हटले की पोलिसांचा गणवेश उभा राहतो. ब्रिटिशांच्या रंगाच्या डब्यावरची ‘खाकी ग्रीन’ मात्र उघड हिरव्या अंगाची होती. रंगांची नावे वाचून रंग ठरवणे किती धोक्याचे असते, याचे हे आपल्या दारातले उदाहरण.

आता मुख्य प्रश्न. हिरवा रंग चांगला चालत असताना तपकिरी का? यामागे रणनीती कमी आणि गोदामाचा हिशेब अधिक होता. टिकाऊ हिरव्या रंगासाठी क्रोमियम ऑक्साइड हे रंगद्रव्य लागे आणि युद्धाच्या मध्यावर त्याचा तुटवडा भासू लागला. क्रोमियम हा धातू पोलाद कणखर करण्यासाठीही लागतो. तपकिरी रंगाचा आधार मात्र लोहाची ऑक्साइडे, म्हणजे आपल्या गेरूच्या कुळातली द्रव्ये. ती मुबलक आणि स्वस्त होती. वाहनांचा रंग बदलल्याने सैन्याचे फारसे बिघडत नव्हते, म्हणून वाहने तपकिरी झाली.

याच टंचाईची दुसरी खूण एम२० च्या हँडलवर सापडते. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया जिंकला आणि ब्रिटनचा रबराचा मोठा पुरवठा तुटला. त्यानंतरच्या गाड्यांच्या हँडलवर रबरी मुठींऐवजी कॅनव्हासच्या मुठी आल्या, पाय ठेवण्याच्या दांड्यांवरचे रबर गेले आणि उघडे लोखंड उरले. ज्या गाडीला कॅनव्हासच्या मुठी शोभतात, त्या गाडीला बहुधा तपकिरी रंगही शोभतो. दोन्ही एकाच टंचाईच्या काळाची अपत्ये आहेत.

१९४४ चा बदल अमेरिकेमुळे झाला. अमेरिकेहून येणारी असंख्य वाहने ऑलिव्ह ड्रॅब रंगातच येत, आणि ती आल्यावर पुन्हा तपकिरी करण्यापेक्षा आपलाच रंग त्यांच्या जवळ नेणे ब्रिटिशांना सोयीचे वाटले. गंमत अशी, की अमेरिकी ऑलिव्ह ड्रॅबची मूळ कृती काळे रंगद्रव्य आणि पिवळी माती यांच्या मिश्रणाची होती. त्यात हिरवे काहीच नाही! काळ्यात पिवळा मिसळला की डोळ्याला हिरवट भास होतो. शंका असेल त्याने घरी जलरंगाच्या पेटीत करून पाहावे.

मग तपकिरी रंग विस्मृतीत का गेला? पहिले कारण कृष्णधवल छायाचित्रे. हिरवा, तपकिरी आणि ऑलिव्ह हे तिन्ही रंग त्यांत जवळपास एकाच करड्या छटेत उतरतात. (याहून जुन्या छायाचित्रांत तर मोठा सापळा असतो. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे टिपलेली लाल टाकी काळी भासते आणि निळी टाकी फिकट.) दुसरे कारण असे, की युद्ध संपताना वाहने पुन्हा हिरव्या अंगाची झाली होती आणि लोकांच्या आठवणीत शेवटचेच दृश्य राहिले. तिसरे कारण बाजाराचे. लष्कराने विकून टाकलेल्या अनेक गाड्या व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या आणि नागरी गिऱ्हाइकांसाठी त्यांवर काळा रंग फासला. पुढे कधीतरी नव्या मालकाला तिला पुन्हा लष्करी रूप द्यावेसे वाटले, तेव्हा त्याने बाजारात सहज मिळणारा हिरवा डबा उचलला.

खरा पुरावा कागदावर अर्धाच सापडतो. चौकटीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक गाडी कोणत्या कंत्राटातली हे सांगतो, कंत्राटावरून साल कळते आणि सालावरून रंगाचा अंदाज बांधता येतो. मात्र आदेश निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या बदलत नसत. शिल्लक रंग आधी संपवला जाई. शिवाय लष्करी कार्यशाळांत गाड्या पूर्ण सुट्या करून पुन्हा जोडल्या जात. त्यात एकीची चौकट आणि दुसरीचे इंजिन असा संसार सहज जमे. म्हणून उरलेला अर्धा पुरावा पत्र्यावर शोधावा लागतो.

जेथे ऊन, पेट्रोल आणि नंतरच्या रंगाऱ्याचा ब्रश पोहोचला नाही, तेथे मूळ रंग दडून राहतो : टाकीच्या तळाशी, अवजारपेटीच्या आत, हेडलाइटच्या वाटीमागे, क्रमांकाच्या पट्टीखाली, चौकटीवर पट्टा आवळला जातो त्या जागी. तेथील वंगणाचा थर सौम्य साबणाने काढावा. दृष्टीस पडणाऱ्या भागावर मात्र अत्यंत बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून, नाण्याएवढ्या जागी गोलाकार आणि हलक्या हाताने घासावा. झाडाच्या बुंध्यातील वर्तुळांसारखी रंगांची कडी उमटतात. समजा, १९४१ साली बनलेली एखादी गाडी इजिप्तला गेली असेल, तर सर्वांत आत गंजरोधक अस्तर, मग खाकी ग्रीन, मग वाळवंटातील कार्यशाळेत दिलेला ‘लाइट स्टोन’ हा फिकट पिवळसर रंग, त्यावर ऑक्टोबर १९४२ नंतरचा ‘डेझर्ट पिंक’, पुढे ऑलिव्ह, कांस्य-हिरवा आणि शेवटी व्यापाऱ्याचा काळा. एका नाण्याच्या जागेत इतका प्रवास. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला उत्खननातील थर आठवावेत, अशीच ही रचना.

कडी दिसली म्हणजे रंग मिळाला असे नव्हे. लोहाचे आणि क्रोमियमचे ऑक्साइड सहसा विटत नाहीत. विटते ते त्यांना धरून ठेवणारे तेल. उन्हाने ते कुजले, की रंगद्रव्याची पूड पृष्ठभागावर मोकळी होते आणि रंग खडूसारखा फिकट दिसतो. त्या ठिकाणी पाण्याचा थेंब टाकला, की क्षणभर मूळ गडदपणा परत येतो. उलट, अंधारात राहिलेला जवसाच्या तेलाचा रंग पिवळसर होतो, म्हणून पेटीच्या आतला तुकडाही डोळे झाकून प्रमाण मानू नये. त्याला काही दिवस उजेड दाखवला, की ती पिवळी झाक बरीचशी ओसरते. हे दोन्ही दोष ओळखता आले नाहीत, तर माणूस विटलेल्या रंगाचीच अचूक नक्कल करून बसतो. असे पुष्कळदा होते, आणि ती गाडी नंतर इतरांसाठी नमुना बनते!

रंग जुळवताना प्रकाशाचे भान ठेवावे लागते. दोन रंग दिवसाउजेडी अगदी एक दिसतात आणि ट्यूबलाइटखाली वेगळे पडतात, कारण त्यांतील द्रव्ये भिन्न असतात. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. आजच्या दुकानातील संगणक जुळवणारा तपकिरी रंग जुन्या लोहद्रव्यांऐवजी दुसऱ्याच मिश्रणातून तयार झालेला असू शकतो. म्हणून नमुन्याची पट्टी सावलीतल्या मोकळ्या उजेडात आणि दिव्याखाली, अशी दोन्हीकडे ताडून पाहावी. चकाकीही तेवढीच महत्त्वाची. तोच रंग निस्तेज असता फिकट आणि चकचकीत असता गडद भासतो. युद्धकालीन छटेवर चकाकी चढवली, की छटा योग्य असूनही गाडी खोटी दिसते.

टाकीवरच्या क्रमांकाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण सर्वांत मोठे नुकसान तेथे होते. ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलीच्या लष्करी क्रमांकाआधी ‘सी’ हे अक्षर असे आणि तो टाकीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगात लिहिलेला असे. पुढे १९४९ मध्ये क्रमांकांची पद्धतच बदलली आणि जुने आकडे नव्या रंगाखाली गेले. संयमाने एकेक थर उतरवला, तर ते आकडे अनेकदा पुन्हा वर येतात. त्या क्रमांकावरून गाडी कोणत्या मालिकेतली हे ठरते आणि ती नेमकी हीच गाडी आहे, याची खूण पटते. मात्र जुनी गाडी हाती येताच तिची टाकी सँड ब्लास्टिंगला पाठवण्याची आज सर्रास पद्धत आहे. पंधरा-वीस मिनिटांत पत्रा लख्ख होतो. खाकी, तपकिरी, वाळवंटाचा पिवळा, क्रमांक, सगळे वाळूबरोबर उडून जाते. मग लांबी भरून, पावडर कोटिंग करून जी गाडी उभी राहते, तिचा रंग कितीही सुंदर असला, तरी तो पडताळून पाहण्याची सोय कायमची संपलेली असते.

राहता राहिला वाद ‘मूळ’ कोणाला म्हणावे याचा. कारखान्यातून निघाली तो रंग मूळ, असे बहुतेक मंडळी मानतात. मला हे पुरते पटत नाही. इजिप्तमध्ये रंगवलेली गाडी त्या वाळवंटी रंगातच युद्धावर होती. तिच्यापुरता तो कारखान्याच्या रंगापेक्षा अधिक खरा. मात्र एक थर निवडला, की गाडीवरचे सर्व सामान त्याच काळाचे हवे. तपकिरी टाकीवर १९४९ नंतरच्या पद्धतीचा क्रमांक किंवा कॅनव्हासच्या मुठींखाली चकचकीत कांस्य-हिरवा रंग, असे मिश्रण एका काळाचे वाटत नाही.

जाणकार कारागीर नवा रंग देताना अवजारपेटीच्या झाकणाची आतली बाजू तशीच सोडतात. कड्यांचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी आणि रंगाची प्रमाणित पट्टी ठेवून, आधीच काढलेले असते. वापरलेल्या रंगाचे मिश्रण एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी गाडीच्या कागदांत ठेवतात आणि नव्या रंगात रंगवलेला पत्र्याचा एक तुकडा अंधारात जपून ठेवतात, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला ताडून पाहता येतो.