घरगुती वर्कशॉपमधील सुट्या भागांची मांडणी

स्क्रू, नट, बोल्ट, वायसर, चुका, गिट्ट्या, बिजागऱ्या, फ्यूज, ओ-रिंग असे किरकोळ सामान घरच्या कामाच्या जागी वर्गवारीने ठेवण्याची पद्धत. जागा गॅरेजची असो, बाल्कनीतल्या फडताळाची असो की पलंगाखालच्या पेटीची, अडचण सारखीच. घरात असलेला स्क्रू सापडत नाही, म्हणून एका स्क्रूसाठी डझनाचे पाकीट येते आणि उरलेले अकरा त्याच ढिगात जातात.

नवखा माणूस आधी डबे विकत घेतो. जाणता आधी सामान चादरीवर ओततो आणि गट पाडतो. नळाचे आणि विजेचे सामान कामानुसार एकत्र ठेवणे सोयीचे, कारण ती दुरुस्ती न्हाणीघरात किंवा स्विचबोर्डापाशी होते आणि अख्खी पेटीच उचलून न्यावी लागते. टेफ्लॉन टेप आणि नळाचे वायसर एकाच पेटीत शोभतात. नट-बोल्टांचे गट मात्र व्यासानुसार आणि मग लांबीनुसार पाडावेत. लांब बोल्ट करवतीने कापता येतो. व्यास आणि आटे आहेत तेच राहतात.

आट्यांचा घोळ मोठा आहे. हार्डवेअरच्या दुकानांत आजही माप सुतात सांगितले जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून पाव इंची बोल्ट झाला दोन सुती. ही इंची मापे ब्रिटिश कारखानदारीतून आली. जोसेफ व्हिटवर्थ याने 55 अंशांच्या आट्यांचे प्रमाण 1841 मध्ये मांडले होते. भारताने 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, पण जुन्या यंत्रांतून निघालेले बोल्ट घराघरांत उरले आणि सुती माप तर बाजारातून गेलेच नाही. परिणामी एकाच डब्यात दोन पद्धती नांदतात. आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट आणि अडीच सुती बोल्ट (7.94 मिलिमीटर) डोळ्यांना जुळे भाऊ वाटतात. पण मेट्रिकच्या दोन आट्यांमधले अंतर 1.25 मिलिमीटर, तर व्हिटवर्थचे इंचाला 18 आटे, म्हणजे सुमारे 1.41 मिलिमीटर. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे बिनतक्रार फिरतो, मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की आटे गेलेच. म्हणून प्रत्येक डब्यात खात्रीचा एक नमुना नट ठेवावा. नवा बोल्ट त्यात बोटांनी शेवटपर्यंत फिरला, तरच आत.

डब्यांच्या बाबतीत भारतीय घरे कल्पक आहेत. झाकण फळीच्या खालच्या बाजूला दोन स्क्रूंनी पक्के करायचे आणि बरणी त्यात फिरवून लटकवायची, ही युक्ती जगभर चालते. मात्र डोक्यावर काचेपेक्षा प्लॅस्टिकची बरणी बरी. मिसळणाचा डबा टेबलावर उत्तम, पण तिरका झाला की सातही वाट्यांतले सामान एक होते. ज्यांच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे त्यांच्यात झॅक फ्रीडमन याने 2022 मध्ये पुढे आणलेली ‘ग्रिडफिनिटी’ लोकप्रिय आहे. 42 मिलिमीटरच्या चौकटीत कोणतीही डबी बसते, त्यामुळे मांडणी हवी तेव्हा बदलता येते. कारखान्यांत फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवतात; पक्कड आणि पान्यांसाठी ते छान, स्क्रूंसाठी निरुपयोगी.

इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदिष्टांना वर्गवारी आयती मिळते. रेझिस्टरच्या ई-12 मालिकेत 10, 12, 15, 18, 22, 27, 33, 39, 47, 56, 68 आणि 82 अशा बाराच किमती असून पुढे त्यांचीच दहापट, शंभरपट होते. बारा खणांची एक ओळ म्हणजे एक टप्पा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पुड्या त्याच दिवशी खणांत गेल्या, तर रंगांच्या पट्ट्या पुन्हा वाचत बसावे लागत नाही.

पावसाळ्यात, त्यातही कोकणच्या खाऱ्या हवेत, पुठ्ठ्याची खोकी आणि वर्तमानपत्राच्या पुड्या ओल धरतात आणि साधे लोखंडी स्क्रू गंजतात. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलची पुडी हा स्वस्त उपाय. तेलाचा हातही चालतो, पण लाकडात जाणाऱ्या स्क्रूंना नको; डाग पडतो. रबरी वायसर तेलापासून आणि उन्हापासून दूर ठेवावेत, नाहीतर ते फुगतात किंवा कडक होऊन चिरतात.

‘फुटकळ’ नावाचा एक डबा सर्वांकडे असतो आणि तो असावाही. दुसरा झाला की वर्गवारी चुकली असे समजावे. लेबलावर नुसते ‘स्क्रू’ न लिहिता व्यास, लांबी आणि मेट्रिक की सुती हे लिहावे.

सेल मात्र या सामानात मिसळू नयेत. नऊ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोके एकाच बाजूला असल्याने खिळा आडवा पडला की शॉर्ट होऊन तो तापतो. जवळ स्टील वूल असेल तर आगही लागू शकते. घड्याळाचे बटणसेल लहान मुलाने गिळल्यास अन्ननलिका भाजते. त्यांचा डबा कुलपात, उंचावर हवा.