वसईच्या गाळाखालचा कातळ

मे 1618 मध्ये वसईवर कोसळलेले संकट पुढे भूकंप म्हणून नोंदले गेले. थॉमस ओल्डहॅम यांची भारतीय भूकंपांची यादी 1883 मध्ये प्रसिद्ध झाली. 1618 मध्ये मुंबई परिसरात दोन हजार माणसे आणि साठ जहाजे गेल्याची नोंद तीत आहे. जुनी वर्णने मात्र सोसाट्याच्या वाऱ्याची, खवळलेल्या समुद्राची आणि छप्पर उडालेल्या चर्चची आहेत. रॉजर बिलहॅम यांच्यासारख्या भूकंप-अभ्यासकांनी म्हणूनच ती घटना वादळाच्या खात्यावर टाकली.

म्हणजे धोका टळला असे नाही. दख्खनचा कातळ अढळ, हा समज 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला हादरला आणि 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत कोसळला. वसईच्या जिल्ह्यातच, डहाणू-तलासरीकडे, नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 तीव्रतेचा होता. धुंदलवाडी भागातल्या लोकांनी थंडीत घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या.

जुने कागद अपुरे पडले, की जमिनीलाच विचारावे लागते. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असणारे बेसाल्टचे थर किनाऱ्याजवळ समुद्राकडे कललेले आहेत. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. खोलवर मुरलेले पाणी तापून खडकातल्या भेगांमधून तिथे वर येते.

या कातळावर ठिकठिकाणी गाळ बसला आहे. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी ज्या सोपाऱ्याचा स्तूप उकरला, ते एकेकाळचे नामांकित बंदर. आज नालासोपाऱ्यात गलबत लागत नाही. खाड्या भरत गेल्या, खाजणे आणि मिठागरे झाली, त्यांतल्या काहींवर भराव पडून इमारती उठल्या.

गाळ किती जाड आहे, हे खणल्याशिवायही कळते. जमिनीवर एका रांगेत जिओफोन, म्हणजे कंपने टिपणारी उपकरणे, रोवायचे, टोकाला पोलादी पाटी ठेवून तिच्यावर घण हाणायचा आणि लहर कुठे केव्हा पोचली ते मोजायचे. त्यावरून कातर-लहरींचा वेग काढतात. तो सेकंदाला 180 मीटरच्या खाली असेल तर माती मऊ धरतात, 760 च्या वर असेल तर खडक. शेजारून लोकल धडधडत गेली की नोंद बिघडते, मग घाव पुन्हा घालावा लागतो.

मऊ थर हादरे वाढवतो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाचे केंद्र भुजजवळ होते, तरी दोनशे किलोमीटरहून लांब, साबरमतीच्या गाळावर वसलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यात बांधकामातल्या त्रुटींचाही वाटा होता. वसईकडेही काही इमारती गाळावर आणि भरावावर आहेत, आणि वस्ती दाट होत गेली: वसई-विरार महापालिका 2009 मध्ये स्थापन झाली आणि 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. बोअरची चाचणी एका प्लॉटपुरते सांगते. जिओफोनच्या रांगा खाडीपासून तुंगारेश्वर डोंगराच्या पायथ्यापर्यंत आखल्या, तर कुठे किती खोल पाया लागेल आणि किती मजल्यांच्या इमारती त्या जमिनीच्या लयीत झुलतील, हे बांधकामाआधीच नकाशावर मांडता येते.