दुधाच्या दातांतलं शिसं

पेट्रोलमध्ये शिसं का घालत असत, हा प्रश्न आमच्या पिढीतल्या फार थोड्यांनी विचारला असेल. १९९५च्या सुमारास मुंबईतल्या पंपांवर ‘अनलेडेड’ असे बोर्ड दिसू लागले, आणि त्याआधीच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं हे माझ्यासारख्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला त्या बोर्डांवरूनच कळलं. पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट नुसती मोटारींची नाही. एखादी वस्तू विषारी आहे की नाही हे सिद्ध कोणी करायचं, या भांडणाची ती गोष्ट आहे. विकणाऱ्याने ती निर्धोक आहे हे दाखवायचं, की ज्याच्या अंगात ती गेली त्याने आपल्याला अपाय झाल्याचं दाखवायचं?

सुरुवात झाली ती इंजिनियरांच्या एका खऱ्याखुऱ्या अडचणीतून. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडल्यावर क्रमाने जळत जावं लागतं. ताकद वाढवण्यासाठी दाब वाढवला, की त्यातला काही भाग वेळेआधी आपोआप पेटतो. इंजीन खडखडतं, इंधन वाया जातं. जनरल मोटर्सच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यावर उपाय शोधत होता. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याला तो सापडला: टेट्राइथाइल लेड. पेट्रोलमध्ये अगदी थोडं मिसळलं तरी खडखड बंद. अल्कोहोलनेही तेच काम होतं, आणि मिजलीला ते ठाऊक होतं. पण अल्कोहोल मळी-धान्यापासून कुणीही गाळू शकतं. त्याचं पेटंट कोण देणार? फेब्रुवारी १९२३मध्ये नवं पेट्रोल बाजारात आलं. त्याचं नाव ठेवलं ‘इथिल’. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता.

शिसं विषारी आहे हे तेव्हा गुपित नव्हतं. रंगारी, छापखान्यातले खिळे जुळवणारे, खाणकामगार यांना होणारी शिशाची बाधा वैद्यांना शतकानुशतकं माहीत होती. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात टेट्राइथाइल लेड बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तीसहून जास्त आजारी पडले. मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन आणि त्याचा वास घेऊन दाखवला. स्वतः त्याला आदल्याच वर्षी शिशाची बाधा झाल्यामुळे फ्लोरिडात जाऊन विश्रांती घ्यावी लागली होती, ते मात्र तिथे कुणी बोललं नाही.

मे १९२५मध्ये वॉशिंग्टनला सरकारने बैठक बोलावली. हार्वर्डच्या प्राध्यापकवर्गातली पहिली स्त्री, डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन, या इंधनाच्या विरोधात बोलली. कारखान्यातली बाधा आवरता येईल, पण रस्तोरस्ती पसरणारी धूळ आवरता येणार नाही, असा तिचा मुद्दा होता. उद्योगाच्या बाजूने सिनसिनाटी विद्यापीठाचा डॉ. रॉबर्ट कीहो उभा राहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की अपाय होतो याचा पुरावा आणा, आम्ही उत्पादन थांबवू. पुरावा येईपर्यंत विक्री चालू राहील. पुढची चाळीस वर्षं या विषयावरचं बहुतेक संशोधन कीहोच्याच प्रयोगशाळेत झालं, आणि त्याचा खर्च शिसं विकणाऱ्या कंपन्या करत होत्या. माणसाच्या शरीरात थोडं शिसं नैसर्गिकच असतं, एका मर्यादेखाली त्याने काही होत नाही, हा त्याचा निष्कर्ष. पुरावा मागणारे तेच, आणि पुरावा गोळा करणारेही तेच.

हा तिढा सोडवला तो शिशाशी काही देणंघेणं नसलेल्या एका माणसाने. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचं वय मोजत होता. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, म्हणून उल्केच्या तुकड्यातलं शिसं मोजायचं, असा बेत होता. पण मोजणी जुळेचना. हवेत, पाण्यात, टेबलावर, स्वतःच्या केसांत, जिथे बघावं तिथे शिसं. शेवटी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये त्याने अत्यंत स्वच्छ खोली उभारली आणि १९५६मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. ते उत्तर आजही जवळपास तसंच टिकून आहे.

मग तो आडव्या आलेल्या त्या शिशाच्याच मागे लागला. समुद्राच्या वरच्या थरात खोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं निघालं, म्हणजे ते अलीकडे वरून पडलेलं होतं. ग्रीनलंडच्या बर्फाचे शेकडो वर्षांचे थर तपासले, तर विसाव्या शतकात प्रमाण झपाट्याने चढलेलं दिसलं. १९६५मध्ये त्याने लिहिलं, की आपण ज्याला ‘नैसर्गिक’ म्हणतो ते नैसर्गिक नाहीच, ते सार्वत्रिक आहे इतकंच. कीहोच्या सगळ्या मोजण्यांना याने पायाच उरला नाही, कारण ज्यांच्याशी तुलना करायची अशी शिसं न गेलेली माणसं जगात शिल्लकच नव्हती. बक्षीस काय मिळालं? १९७१मध्ये हवेतल्या शिशावर अमेरिकेत राष्ट्रीय समिती नेमली, तिच्यात पॅटरसनचं नाव नव्हतं.

आता उरला खरा प्रश्न. शिसं सगळीकडे आहे हे ठीक, पण त्याने कुणाचं काय बिघडतं? रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं. पूर्वी किती गेलं होतं ते रक्त सांगत नाही. दात सांगतात. हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञाने मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमा केले. यातलं एकही मूल आजारी नव्हतं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचा बुद्ध्यंक सरासरी चार गुणांनी कमी निघाला. शिक्षकांनी दिलेली उत्तरं अधिक बोलकी होती: लक्ष लागत नाही, सांगितलेलं क्रमाने करता येत नाही, लगेच वैतागतो. शिसं जितकं जास्त, तितक्या अशा तक्रारी जास्त. हे १९७९मध्ये छापून आलं.

१९९०मध्ये त्याने त्याच मुलांपैकी १३२ जणांना पुन्हा गाठलं. ती आता अठरा वर्षांची झाली होती. लहानपणी दातांत जास्त शिसं असलेल्यांत शाळा अर्धवट सुटण्याची शक्यता सुमारे सातपट होती, नीट वाचता न येण्याची सहापट. ज्या मुलांना आळशी, हूड, मठ्ठ ठरवून घरी बसवलं होतं, त्यांच्यातल्या काहींचं उत्तर त्यांच्या दुधाच्या दातांतच होतं. याबद्दल नीडलमनवर संशोधनात लबाडी केल्याचा आरोप झाला, पिट्सबर्ग विद्यापीठाने चौकशी बसवली. त्याने ती उघडपणे व्हावी असा आग्रह धरला, आणि तो आरोपातून सुटला.

तोवर अमेरिकेत पेट्रोलमधलं शिसं कमी होत आलं होतं, आणि लोकांच्या रक्तातलं शिसंही. १९७६–८०मध्ये सरासरी डेसिलिटरमागे १२.८ मायक्रोग्रॅम होतं, ते १९८८–९१मध्ये २.८ झालं. एखाद्या धोरणाचा परिणाम इतक्या लख्खपणे माणसांच्या अंगात मोजता येणं दुर्मीळच.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२–७३ साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यास ओटागो विद्यापीठ आजही करत आहे. अकराव्या वर्षी त्यांतल्या पाचशेहून जास्त मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं. तिथे श्रीमंत-गरीब दोन्ही घरांतल्या मुलांच्या अंगात ते सारखंच होतं, कारण गाड्यांचा धूर सगळ्यांनाच मिळत होता. त्यामुळे ‘हा गरिबीचा परिणाम’ असं म्हणायला जागा राहिली नाही. २०१९मध्ये निष्कर्ष आले: तेव्हा शिसं जास्त असलेल्यांना प्रौढपणी मानसिक आजारांची लक्षणं थोडी जास्त होती. फरक लहान आहे, पण तो पिढीच्या पिढीला लागू होतो.

आपल्याकडे १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. जगात शेवटचा अल्जीरिया, २०२१मध्ये. म्हणजे स्कूटरवर वडिलांच्या पुढ्यात उभं राहून शाळेत गेलेली आम्ही मुलं तो धूर पुरेपूर घेत होतो. माझ्या रक्तात किती होतं, ते कुणी कधी मोजलं नाही.

पण शिसं पेट्रोलबरोबर संपलं नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२०च्या अहवालात भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ते ५ मायक्रोग्रॅमच्या वर असल्याचा अंदाज आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून, वितळवून शिसं काढणाऱ्या भट्ट्या, रंग, भांडी, मसाले अशा त्याच्या वाटा आहेत. बांगलादेशात स्टॅनफर्ड आणि ढाक्याच्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं कुठून आलं हे समस्थानिकं जुळवून शोधलं. पॅटरसनने शिसं ओळखलं तीच पद्धत. उत्तर निघालं हळद. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळत होते. ऐंशीच्या दशकात पुराने भिजून काळवंडलेलं पीक खपवायला ही सवय लागली. २०१९मध्ये सरकारने बाजारांत तपासणी केली, दंड केले, वर्तमानपत्रांतून सांगितलं. बाजारातल्या शिसं सापडणाऱ्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१पर्यंत शून्यावर आलं.

अमेरिकेला पन्नासहून जास्त वर्षं लागली, तिथे बांगलादेशात दोन पुरली. विज्ञान तेवढं पुढे गेलं म्हणून नव्हे. हळदीच्या व्यापाऱ्यांकडे स्वतःचा कीहो नव्हता, आणि सरकारने आजारी मुलांकडे पुरावा मागितला नाही, हळकुंडं तपासली.

सांगलीची हळद पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या आपल्याला यातून काय घ्यायचं ते उघड आहे. शाळेत मुलांची उंची, वजन, डोळे, दात तपासतात. अभ्यासात लक्ष नसलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर शेराही लिहितात. त्या मुलाच्या रक्तात शिसं किती, हा रकाना त्यात नसतो.