अण्णांचा प्रश्न

आमच्या अण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवला. 2006 साली त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला विचारलं, "पत्रा वाकवून सोडला की जरा मागं येतोच. मग ही जाळी मागं येत न्हाई व्हय?"

प्रश्न कारागिराचा होता. पण स्टेंटच्या इतिहासाचं मूळच त्यात आहे.

16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाची अरुंद धमनी प्रथमच फुग्यानं रुंद केली. छाती उघडावी लागली नाही. पण धमनी लवचीक. फुगा काढला की ती पुन्हा आकसे. कधी आतलं अस्तर फाटून वाट एकाएकी बंद होई. धमनीला आतून आधार हवा होता. 1986 साली तुलूजमध्ये जाक प्युएल आणि लोझानमध्ये उलरिख सिगवार्त यांनी तो दिला. त्यांची जाळी स्प्रिंगसारखी आपोआप उघडणारी होती.

पुढं फुग्यानं उघडायची जाळी आली. तिचा धातू लवचीकतेच्या मर्यादेपलीकडं ताणतात, म्हणून तो नव्या आकारातच राहतो. अण्णा म्हणाले तसा किंचित मागं येतोच. तो हिशेब जाळी घडवताना आणि बसवताना धरावा लागतो. शिवाय हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. म्हणून दहा वर्षांच्या हिशेबानं जाळीवर जवळजवळ 40 कोटी झटक्यांची चाचणी घेतात.

तरी धातूमुळं झालेली जखम भरताना पेशी वाढून वाट पुन्हा अरुंद होई. 1999 साली साओ पाउलोत एदुआर्दो सूझा यांनी औषधाचा लेप दिलेला स्टेंट प्रथम बसवला. आपल्याकडं डॉ. अब्दुल कलाम आणि डॉ. सोमा राजू यांनी 1990च्या दशकात स्वस्त देशी स्टेंट घडवला. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारनं किमतीवर मर्यादा घातली: साधा स्टेंट 7,260 रुपये, औषधी 29,600 रुपये. त्याआधी औषधी स्टेंट लाखाच्या घरात जाई.

अण्णांनी मात्र सहा महिन्यांतच, वाट मोकळी झाली म्हणून, गोळ्या परस्पर बंद केल्या. एका पहाटे छातीत पुन्हा कळ आली. वेळेवर पोचलो, म्हणून निभावलं. जाळी वाट उघडी ठेवते. तिच्यावर रक्त साकळू नये, हे काम गोळ्यांचं. मी म्हटलं, "अण्णा, नवं बेअरिंग बसवलं म्हणून तुम्ही तेल घालायचं थांबवत होता का?"

ते काही बोलले नाहीत. डबीतली गोळी घेतली आणि पाणी मागितलं.