कृत्रिम मूत्रपिंड : जगायचं कोणी, हे कोणी ठरवायचं?

आपली मूत्रपिंडं, म्हणजे किडन्या, दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात. उरते दीड-दोन लिटर लघवी. हे काम थांबलं की युरिया साठतो, पोटॅशियम वाढतं आणि माणूस काही आठवड्यांतच दगावतो.

१९३८ साली नेदरलंड्समध्ये ग्रोनिंगन इथे विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांसमोर २२ वर्षांचा एक मुलगा असाच गेला. हा युरिया बाहेरून काढता येईल का, हा विचार मग त्यांची पाठ सोडेना. पुढे देश नाझींच्या ताब्यात गेला. तशातही १९४३ मध्ये काम्पेन गावात त्यांनी यंत्र उभं केलं. लाकडी पट्ट्यांचं आडवं पिंप, त्याला गुंडाळलेली सेलोफेनची नळी (सॉसेज भरायची तीच!) आणि खाली क्षारांचं पाणी. पिंप फिरायचं, नळीतून रक्त वाहायचं आणि युरिया सेलोफेनमधून पाण्यात उतरायचा. आजारी मूत्रपिंडं सावरेपर्यंत रुग्णाला वेळ मिळवून द्यायचा, एवढाच हेतू.

सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण वारले. सप्टेंबर १९४५ मध्ये सतरावी रुग्ण आली. वय ६७, बेशुद्ध, आणि नाझींना साथ दिली म्हणून कैदेत असलेली बाई. नुकत्याच मुक्त झालेल्या देशात तिच्याबद्दल काय भावना असेल, विचार करा. कोल्फ स्वतः नाझींच्या विरोधातले. तरी त्यांनी तिला यंत्रावर घेतलं. ती शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली.

पण दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे हा उपचार फार दिवस चालवता येत नसे. १९६० मध्ये अमेरिकेत सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. आता मूत्रपिंडं कायमची निकामी झालेला माणूसही वर्षानुवर्षं जगू शकत होता. अडचण इथेच सुरू झाली. १९६२ मध्ये तिथे डायलिसिस केंद्र निघालं, पण जागा मोजक्या आणि रुग्ण पुष्कळ. मग सात जणांची समिती बसली. वय काय, मुलंबाळं किती, कमाई किती, हे बघून ती नावं निवडायची.

१९७२ च्या कायद्याने अमेरिकेत बहुतेक रुग्णांच्या डायलिसिसचा खर्च सरकारने उचलला आणि अशा समित्यांची गरज संपली. जिथे सरकार तो उचलत नाही, तिथे ही निवड आजही होते. तिथे ती रुग्णाचा खिसा करतो.