इस्लाममधील श्रमनीती

कुराण व हदीस (पैगंबरांची वचने व आचार यांच्या नोंदी) यांवर आधारलेले कष्ट, व्यापार आणि मजुरी यांविषयीचे नीतिनियम. मुहंमद पैगंबर स्वतः व्यापारी होते. कुराणाच्या ८३व्या सूरेत मापात मारणाऱ्यांचा कडक निषेध आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी चुकती करावी, ही इब्न माजा यांच्या संग्रहातील हदीस सर्वपरिचित आहे. मध्ययुगीन शहरांत मुहतसिब हा अधिकारी बाजारात फिरून वजने-मापे आणि भेसळ तपासत असे. सचोटी केवळ सदसद्विवेकावर सोडलेली नव्हती. अभ्यासक अब्बास अली यांनी १९८८ मध्ये या श्रमनीतीची मोजपट्टी मांडली. आजच्या कार्यालयांतील या नीतीची चर्चा बहुधा नमाजाच्या सवडीपाशी थांबते. पण खरा कस लागतो पगाराच्या तारखेला. संयुक्त अरब अमिरातीलाही २००९ मध्ये पगार वेळेवर मिळावा यासाठी बँकांमार्फत वेतन देण्याची देखरेख-व्यवस्था उभारावी लागली.